सावडीचे तास

टिळ्याचा मुहूर्त तीन वाजून आठ मिनिटांनी होता आणि कोपऱ्यातल्या टेबलावर निशिवाकी आजोबा अजून चौथा नान खात होते.

नेपाळच्या पंचांगवाल्यांनी दशैंच्या, म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या, टिळ्याची वेळ अकरा त्रेपन्न काढली होती. त्यात सव्वातीन तास मिळवले की इथली वेळ. लंच अडीचला संपतं, डिनर पाचला सुरू होतं. म्हणजे देवीने या वर्षी हॉटेलचं वेळापत्रक बघूनच यायचं ठरवलं होतं. गेल्या वर्षी ती ऐन लंचमध्ये आली, तेव्हा खिमबहादुरने एका हाताने तंदूरला नान चिकटवत दुसऱ्या हाताने धाकट्या भावाच्या कपाळावर टिळा चिकटवला होता. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांच्या नानवर तांदूळ निघाले. कुणी तक्रार केली नाही. एकाने पुढच्या आठवड्यात येऊन तसाच मागितला.

"आजोबांना उठवू का?" अनुष्माने विचारलं.

"नान हवा तेवढा घ्या, असं पाटीवर आपणच लिहिलंय," तिचा बाप खिमबहादुर तंदूरवर झाकण ठेवत म्हणाला. "बसू दे. त्यांना काय कळतंय?"

या गावाचा हा एक फायदा होता. घर्तींच्या घरात भांडण व्हायचं असलं तर दारं-खिडक्या लावाव्या लागत नसत. आपल्या भाषेत बोललं की अख्खं जपान बहिरं होई.

आत त्याची बायको तिलसरा दह्यात तांदूळ कालवत होती. घर्तींचा टिळा पांढरा, त्यात लाल काही घालत नाहीत. अकरा दिवसांपूर्वी व्हिसा कचेरीच्या खिडकीशी जे झालं त्याबद्दल ती अजून घरात कुणाशी धड बोलली नव्हती. खिडकीपलीकडचा अधिकारी फार नम्र होता. अनुष्माला शाळा बुडवावी लागली म्हणून त्याने आधी तिची माफी मागितली. मग एक कागद पुढे सरकवून तो बराच वेळ बोलला. अनुष्माने सगळं ऐकून घेतलं आणि आईकडे न बघता म्हणाली,

"ममी, मुदत वाढवत नाहीयेत. तीस दिवस दिलेत."

"कशाला?"

"आवरायला."

चौदा वर्षांची पोर. घरात येणारं प्रत्येक सरकारी पत्र तीच वाचायची. कचरा कुठल्या वारी टाकायचा इथपासून बापाच्या व्हिसापर्यंत. बापाचा व्हिसा ठणठणीत होता. तो कसबी कारागीर, तंदूरचा. अनुष्मा त्याच्या जिवावर राहू शकत होती. जायचं होतं ते फक्त तिलसराने.

कारागिराच्या बायकोला या देशात राहता येतं. परवानगी काढली तर कामही करता येतं, आठवड्याला अठ्ठावीस तास. आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, असलं काही नाही. कुठलाही वार धरा आणि सात दिवस मोजा, अठ्ठावीसच भरायला हवेत. तिलसरा नेपाळात, गलकोटच्या आरोग्य चौकीत अकरा वर्षं सुईण होती, शिकलेली, सरकारी. चारशे बारा मुलं तिच्या हातांवर जगात आली होती. इथे त्या हातांना गरम पाण्याच्या झऱ्यांवरल्या हॉटेलांचे उशांचे अभ्रे दुमडायची परवानगी होती. एकोणतिसाव्या तासाला ती गुन्हेगार होत असे, मग अभ्रा अर्धा दुमडून हातात असला तरी.

आणि गेल्या वर्षी पाच महिने ती दर आठवड्याला बावन्न तास राबली होती.

*

मुहूर्ताला दहा मिनिटं असताना खिमच्या धाकट्या भावाने, लिलबहादुरने, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला. पलीकडे गलकोटचं अंगण आणि अंगणात आमा, दोघा भावांची आई.

"दिसतंय का आमा?"

"अर्धं कपाळ दिसतंय. कुणाचं आहे?"

"माझं. लिलचं."

"केस कुठे गेले?"

"गेले आमा. इथलं पाणी."

"पाणी वाईट आणि देश चांगला म्हणतोस. खिम कुठाय? त्याला पुढे घे."

आमाचा हट्ट असा की टिळा ती स्वतःच्या हाताने लावणार. तीन आठ झाले तसा तिने पहिला टिळा थोरल्याला लावला, म्हणजे फोनच्या काचेला. दुसरा धाकट्याला, त्याच्या शेजारी. मग सुनांना. चौथ्या टिळ्याला काच पूर्ण भरली आणि आमाला कुणी दिसेनासं झालं. पुढचे आशीर्वाद तिने दह्याकडे बघून दिले.

इकडे खिमने थोरला म्हणून सगळ्यांना टिळे लावले आणि फ्रीजमागे अंधारात वाढवलेले जवाचे पिवळे कोंब कानांवर खोचले. धाकट्याची बायको बिपना दहा महिन्यांच्या युमाला कडेवर घेऊन पुढे आली. युमाने टिळा लगेच पुसून तोंडात घातला. निशिवाकी आजोबांना वगळणं बरं दिसेना, म्हणून खिमने त्यांच्याही कपाळावर लावला. आजोबांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवून मान लववली आणि मग हळूच अनुष्माला विचारलं, हे लंच सेटमध्ये धरलेलं आहे का.

"धरलेलं आहे," अनुष्मा म्हणाली. त्यांनी समाधानाने पाचवा नान मागितला.

"तिलसरा," दह्यापलीकडून आमाचा आवाज आला, "मग तू कापणीला पोचतेस ना? म्हैस व्यालीय. माझ्याने आता दोन घागरी होत नाहीत. खिम म्हणाला तू येतेस."

सगळ्या घरात या बातमीने आनंद झालेली आमा एकटीच होती, आणि तिला तो लपवता येत नव्हता.

तिलसराने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं म्हणजे... बोलता बोलता निघालं," खिम म्हणाला.

"उद्या दहाला ओनुकी-सानना उत्तर द्यायचंय. आज टिळ्यानंतर बसून ठरवू म्हणालात. आणि तिकडे म्हैस मला नेमून दिलीत पण?"

ओनुकी-सान म्हणजे गावातला कागदपत्रं करून देणारा म्हातारा. त्याने त्यांना एकच प्रश्न विचारून पाठवलं होतं. तास का वाढले? जे कारण सांगाल ते कागदावर जाईल, आणि तो कागद तिलसराच्या नावावर कायम राहील. कारण आजारपणासारखं असेल तर आत्ता पुन्हा दार ठोठावू. शंभरात दहा आशा. नसेल तर तिने जावं, आणि वर्ष-दोन वर्षांनी यायचा अर्ज करील तेव्हा तिथला अधिकारी हाच कागद काढून बघेल.

कारण होतं. ते बिपनाच्या कडेवर टिळा चाटत होतं.

*

बिपनाला गेल्या वर्षीचा तो ऑगस्ट लख्ख आठवत होता. पाचवा महिना, आणि धुलाईच्या शेडमध्ये ओल्या चादरींची गाडी ढकलताना पायांवरून रक्त आलं. दवाखान्याच्या आधी तिने दिदीला फोन केला. तिलसराने येऊन बघितलं, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, आजपासून बाळंत होईपर्यंत आडवं पडायचं. धुलाईचा मुकादम म्हणाला, पडू दे, पण जागा रिकामी राहिली तर दुसरी बाई घेईन. तेव्हा तिलसरा म्हणाली, "तुझी कामाची पाळी मी करते. सावड समज."

त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. गलकोटात कुणी आपलं भात एकट्याने लावत नाही. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. सकाळी आपले अभ्रे, दुपारी बिपनाच्या चादरी. दोन्ही शेडचे मुकादम वेगळे. जो तो आपल्या शेडचे तास बघे. दुसरीच्या नावाचं हजेरीचं कार्ड मात्र त्यांनी कधी मारलं नाही. ती लबाडी झाली असती. जी राबेल तिचं नाव. युमा डिसेंबरात नीट झाली. आणि फेब्रुवारीपासून बिपनाने सावड फेडली. आपले अठ्ठावीस आणि दिदीचे चोवीस, पाच महिने, शेवटच्या तासापर्यंत. तेवढे दिवस युमा तिलसराकडे. दोघींचे मिळून कधीही छप्पनच्या वर गेले नाहीत, याचा दोघींना अभिमान होता.

त्या देशात दोघींचे मिळून काही मोजत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी त्यांना ते खोटं वाटलं असतं.

"मी उद्या येते ओनुकींकडे," बिपना म्हणाली. "सांगते सगळं. पाळी माझी होती. दिदी माझ्यासाठी गेल्या."

"तू गप्प बस," लिल म्हणाला.

"का गप्प बसू?"

"व्हिसावाले मागच्या वर्षीच्या कमाईचा कागद बघतात गं. मागच्या वर्षी तिलसरा भाउजूंचे तास जास्त, तुझे उलट कमीच. पुढच्या महिन्यात तुझी मुदत वाढायची आहे. तुझाही मागच्याच वर्षाचा कागद बघणार. तो साफ आहे. कुणी काही बोललं नाही तर तीन वर्षांचा शिक्का मिळेल."

"आणि बोललं तर?"

"तर विचारतील, सावड फेडली कधी. या वर्षीचा काढतील. मग तूही जाशील."

"मग जाईन."

"आणि युमा? तिला कोण पाजणार, मी? मसाला वाटता वाटता?"

"दिदींनी फेडू नको म्हणून सांगितलं होतं मला," बिपना म्हणाली. तिचा आवाज फाटला. "म्हणाल्या, राहू दे गं, बहिणीत कसली फेड. मीच ऐकलं नाही. माझंच डोकं. उपकार ठेवायचे नाहीत म्हणून मीच..."

"बिपना, बाळ घसरतंय," तिलसरा म्हणाली. आणि हात पुढे करून तिने युमाला घेतलं.

लिल मान खाली घालून टेबलावर सांडलेला एकेक तांदूळ बोटाने टिपत होता. तिलसरा लग्न होऊन घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बाप मुंबईत एका इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसलेला, आई दिवसभर डोंगरावर गवताला. भाउजूने त्याला न्हाऊ घातलं, पाटी घेऊन दिली, उवा काढल्या. आज त्याला तिच्याकडे काय मागायचं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि मागायला तोंड नव्हतं.

"नानचं पीठ आज जरा सैल झालंय दाजू," तो थोरल्या भावाला म्हणाला.



*

खिमबहादुर चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि त्यातली सतरा वर्षं त्याचं डोकं तंदूरच्या तोंडाशी गेली होती. बोलणं त्याला जमत नसे. पण धाकटा पिठाबद्दल बोलला की त्याला पिठाबद्दल बोलायचं नसतं, हे त्याला कळत होतं. बापाच्या मागे कुणी काय बोलायचं हेही ठरलेलं होतं. थोरल्याने.

"तिलसरा जाईल," तो म्हणाला. "कारण वगैरे काही सांगायचं नाही. जास्त तास केले, चूक झाली, एवढंच. अनुष्मा माझ्याजवळ राहील. फेब्रुवारीत तिची हायस्कूलची परीक्षा आहे."

"दाजू..." लिल म्हणाला.

"तू पीठ बघ."

"अहो भावजी!" बिपना उसळली. "तुमची बायको आहे ती! भावाची बाजू घेताय तुम्ही?"

"मी कुणाची बाजू घेत नाही. दोघी जाण्यापेक्षा एक जावी."

"मग मी जाते!"

"तुझं लेकरू अंगावर पितं."

"आणि दिदीचं लेकरू?"

खिमने अनुष्माकडे बघितलं. ती निशिवाकी आजोबांच्या ग्लासात पाणी ओतत होती. ग्लास केव्हाच भरला होता. आजोबा पाण्याकडे बघत होते.

तिलसरा युमाला खांद्यावर थोपटत उभी होती. "तुम्ही बोललात ते बरोबर आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "मीही तेच बोलणार होते. अकरा दिवस तेच घोळवतेय. पण आधी मला बोलू द्यायचं होतंत. मला जा म्हणणं वेगळं आणि मी जाते म्हणणं वेगळं."

"मला वाटलं, तुला जड जाईल."

"जड तर जाईलच. तुम्ही बोललात म्हणून हलकं झालं का?"

खिमने डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. तंदूरच्या धगीने त्याच्या भुवया कायमच्या अर्ध्या होत्या, त्यामुळे त्याचं तोंड रडवेलं झालं की हसल्यासारखं दिसे. लग्नाच्या फोटोतही तो तसाच होता.

"ऐकतंय का कुणी?" मसाल्याच्या डब्याजवळून आवाज आला. फोन बंद करायचं सगळे विसरले होते. आमाने पदराने काच पुसली होती. तिचा चेहरा आता दह्याच्या ओघळांमागे दिसत होता. "मला नीट सांगा. तिलसरा सुट्टीवर येत नाहीये?"

"नाही आमा," तिलसरा म्हणाली.

"परत कधी जायचंय?"

"माहीत नाही. वर्षाने अर्ज करता येतो. हो म्हणतील की नाही, ते त्यांनाच माहीत."

मागे कुठेतरी म्हैस ओरडली.

"तुझा सासरा," आमा म्हणाली, "सुट्टीला यायचा, दोन वर्षांनी. जाताना म्हणायचा, पुढल्या खेपेला तुला घेऊन जाईन. वॉचमनच्या खोलीत बायकोला ठेवू देत नाहीत, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मलाही होतं. एकवीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांना ते खोटं सांगत होतो. शेवटी त्याची ट्रंक आली. त्यात माझ्यासाठी चपला होत्या. माप चुकलेलं."

"आमा..."

"तू येऊ नकोस. म्हशीचं मी बघते. म्हैस विकते."

"म्हैस विकून व्हिसा मिळत नाही आमा," लिल म्हणाला.

"मग त्या साहेबाला फोनवर बोलावा! मी विचारते त्याला. तिकडे भात पिकतं म्हणता ना? फोटोत मी बघितलंय, हॉटेलच्या मागेच शेत आहे. त्याच्या घरचं भात तो एकटा लावतो का? शेजारी येत नाहीत? ते आल्यावर तो त्यांचे तास मोजतो?"

"बोजू," भांडणात पहिल्यांदाच तोंड उघडत अनुष्मा आजीला म्हणाली, "इथे भात मशीन लावतं."

आमाने चेहरा काचेच्या अगदी जवळ आणला.

"एकच मशीन?" तिने विचारलं.

"एकच."

"बिचारं," आमा म्हणाली.

अनुष्माने पाण्याचा जग खाली ठेवला. "तुम्ही सगळं ठरवलंत. कोण जाणार, कोण राहणार, काय सांगायचं. मला कुणी विचारलं नाही. पण उद्या तिथे बोलणार मी आहे. मी ओनुकी-सानना काय सांगते ते तुमच्यापैकी एकालाही कळणार नाहीये."

घर्तींना पहिल्यांदाच जाणवलं की या गावात बहिरं जपान नाही, आपण आहोत.

"अनुष्मा," खिम म्हणाला, "काकीचं नाव येता कामा नये."

"बघू," अनुष्मा म्हणाली, जसं तिच्या वर्गातल्या मुली म्हणतात, आणि निशिवाकी आजोबांचं बिल करायला गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी चालत निघाल्या. ओनुकींचं ऑफिस स्टेशनपलीकडे, पंचवीस मिनिटांवर. बिपनाला यायचं होतं, पण आठला तिची पाळी होती, आणि आता एकही पाळी चुकवून चालणार नव्हतं, एकही जास्त करूनही चालणार नव्हतं. निघताना ती तिलसराच्या पाया पडायला वाकली. कडेवरच्या युमाने तिलसराचे केस मुठीत धरले आणि सोडेना. ती मूठ उघडायला दोघींना बराच वेळ लागला.

कापलेल्या भाताचे खुंट दोन्ही बाजूंना. अनुष्मा दोन पावलं पुढे चालत होती.

"मी खरं सांगणार आहे," ती मागे न बघता म्हणाली.

"बरं."

"शंभरात दहा आहे ना. दहा म्हणजे काही शून्य नाही. गणितात मला एकदा दहा मिळाले होते, तेव्हा तूच म्हणालीस."

"तेव्हा तू सातवीत होतीस. तुला बरं वाटावं म्हणून म्हणाले."

"म्हणजे खोटं बोललीस."

"माझं कामच होतं ते," तिलसरा म्हणाली. "चारशे बारा बायकांना सांगितलंय, काही होत नाही, सगळं नीट होईल. सगळ्यांचं नाही झालं नीट. पण ज्या वेळी सांगायचं त्या वेळी सांगावंच लागतं." ती चालता चालता थांबली. "एकदा एका रात्रीत दोघी आल्या चौकीत. दोघी अडलेल्या. मी एकटी. कुणाकडे आधी जायचं?"

"कुणाकडे?"

"जिला वेळ कमी तिच्याकडे. तिथे माझं-तुझं नसतं. दुसरी माझी मावसबहीण होती. ती अजून बोलत नाही माझ्याशी." तिलसराने मुलीच्या पाठीवरची बॅग उगाचच सरळ केली. "युमाला चार दात आलेत. तुला अठ्ठावीस. तू थांबू शकतेस."

"मला नाही थांबायचं."

"माहीत आहे."

"परीक्षेच्या दिवशी डबा कोण देणार?"

"बाबा देतील."

"बाबा नान देतील!" अनुष्मा ओरडली, आणि मग तिला रडू फुटलं. सायकलवरून जाणाऱ्या एका बाईने वेग कमी केला आणि सभ्यपणे पुन्हा वाढवला. तिलसरा लेकीला जवळ घेऊन रस्त्यात उभी राहिली. तिची उंची आईएवढी झाली होती. कवेत घेताना हात कुठे ठेवायचे ते तिलसराला क्षणभर सुचलं नाही.

ओनुकी-सानचं ऑफिस एका न्हाव्याच्या दुकानावर होतं. त्याने दोघींना चहा दिला, स्वतःचा चष्मा शोधला, तो गळ्यातच होता, आणि प्रश्न विचारला. अनुष्माने तो आईसाठी आपल्या भाषेत सांगितला.

"तास का वाढले?"

तिलसरा टेबलाकडे बघत म्हणाली, "सांग, जास्त पैसे हवे होते."

खाली न्हाव्याचं यंत्र गुरगुरत होतं. ओनुकी-सान पेन उचलून थांबला होता. थांबायची त्याला सवय असावी. मग अनुष्मा बोलली. जपानीत अशी वाक्यं फार नम्रपणे बोलावी लागतात, शेवटाला शेपूट लावून लावून, आणि ती वर्गात या विषयात पहिली होती. माझी आई लोभी होती, हे तिने इतक्या सुरेख भाषेत सांगितलं की ओनुकी-सानने तिच्याकडे वर बघितलं.

"आणखी काही कारण?" त्याने विचारलं. "घरात आजारपण? कुणी अडचणीत?"

हे तिने आईला सांगितलं नाही. स्वतःच म्हणाली, "नाही."

ओनुकी-सान संगणकावर बसला. दोन बोटांनी टाइप करत होता, त्यामुळे बराच वेळ लागला. मग छापलेला कागद बाहेर आला. सही करण्याआधी तो वाचून दाखवावा लागतो. त्याने वाचला, अनुष्माने आईला ओळीओळीने सांगितला.

"'मी दिलेल्या तासांपेक्षा जास्त काम केलं. मला जास्त पैसे हवे होते. माझ्या नवऱ्याला आणि इतर कुणालाही हे माहीत नव्हतं. मी जे केलं त्याचा मला मनापासून पश्चात्ताप होतो आहे. तसं मी पुन्हा कधीही करणार नाही.'"

"शेवटचं मी बोलले नव्हते," तिलसरा म्हणाली.

"ते सगळ्यांच्या कागदात असतं."

"लोभी लिहा म्हटलं, लिहिलं. चालेल. पण पश्चात्ताप नाही मला. पोर जिवंत आहे. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन. काढायला सांग ती ओळ."

अनुष्मा ओनुकी-सानकडे वळली. "ती ओळ काढली तर काय होईल?" तिने जपानीत विचारलं.

म्हाताऱ्याने चष्मा काढला. "पुढच्या वर्षी तुझी आई अर्ज करील तेव्हा अधिकारी पहिल्यांदा तीच ओळ शोधेल," तो म्हणाला. "ती नसली तर पुढचं वाचणार नाही. काढायची आहे का?"

"आई म्हणते, ठीक आहे," अनुष्मा म्हणाली. "असू दे."

त्याने मान हलवली, कागद फिरवून तिलसरासमोर ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट टेकवलं.

तिलसराने पेन घेतलं. कागद वरपासून खालपर्यंत बघितला.

"त्याने काही खोडलं नाही," ती म्हणाली.

"टाइप करताना काढतात," अनुष्मा म्हणाली.

कागद टाइप केलेलाच होता. तिलसराने मुलीच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग सही केली.